सभेआधी पेपरवेट उचलणारा माणूस

सभेच्या सकाळी दौलत तोरसकरचं पहिलं काम चहा टाकायचं नसे, शस्त्रं जप्त करायचं असे. शहरात बस चालवणाऱ्या एका सरकारी मंडळाच्या बोर्डरूममध्ये तो शिपाई. निवडून आलेले सभासद यायच्या आत काचेचे पेपरवेट, काचेचे ग्लास, फुलदाणी, पितळी पाट्या, सगळं कपाटात जाई. पाण्याला कागदी पेले, नावांना पुठ्ठा. माइक टेबलाला बांधलेला, बँकेतल्या पेनासारखा. अनुभवच तसा होता. एकदा मारामारीनंतर वड्याच्या चटणीत एक दात सापडला होता आणि रक्ताळलेल्या तोंडाच्या दोन्ही सभासदांनी तो आपला नाही म्हणून ठाम सांगितलं होतं. तेव्हापासून नियमच झाला: रक्त सांडलं की सभा तहकूब.

त्यामुळे दौलतचं मत पक्कं होतं आणि नायगावच्या चाळीत तो ते न विचारता ऐकवी. मतं मागणाऱ्याला बोर्डावर घेऊच नये. अधिकारी नेमावेत. अधिकारीही एकमेकांचे गळे धरतात, पण कागदावर. गालिचा धुवावा लागत नाही.

मग निवडणुका लांबल्या, काही वर्षं नुसते अधिकारीच राहिले, आणि दौलतला वाटलं देवाने आपलं ऐकलं. पेपरवेट टेबलावर आले, फुलदाणीत निशिगंध आला. अशाच एका सुवासिक सभेत, चहा निवायच्या आत, नायगावहून भोईवाड्यावरून इस्पितळाच्या दारात जाणारी बस बंद झाली. तोट्यात होती म्हणे. चहा दौलतनेच दिला होता. आणि त्याच बसने त्याची बायको शांता डायलिसिसला जात असे.

आता ती चालत जाऊ-येऊ लागली. एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले नाही म्हणून मान हलवत. एका दुपारी भोईवाड्याच्या फुटपाथवर गरगरलं आणि ती तोंडावर आपटली. ओठ फाटला, दात तुटला, पदर रक्ताने भिजला. दुसऱ्या दिवशी दौलत अध्यक्षसाहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. साहेब फार मऊ बोलले. विषय धोरणाचा आहे म्हणाले. घरी शांता सुजल्या ओठाने एवढंच म्हणाली, "तुमच्या सायबाक मतां मागूक दारात येवचा लागणा नाय. मगे तो कशाक ऐकतलो?"

शेवटी निवडणूक झाली. भोईवाड्याचा धनेश निवडून आला. मनगटात कडं, आवाजात लाउडस्पीकर. प्रचारात शांताच्या पाया पडून बस आणतो म्हणालेला. त्याच्या पहिल्या सभेच्या सकाळी दौलतने सगळं छान मांडलं. निशिगंधसुद्धा. शांत वर्षांनी त्याच्या हातांची सवयच मोडली होती.

चूक कळली ती गिरगावचे हेमचंद्रशेठ बोटांनी पेपरवेट गरगरा फिरवू लागले तेव्हा. नायगावची बस सुरू करायची तर गाड्या त्यांच्या वॉर्डातून काढाव्या लागणार होत्या. दौलत फडकं घेऊन टेबल पुसायच्या मिषाने पुढे सरकला. तेवढ्यात शेठ म्हणाले, "तुझी माणसं चालत मरत असतील धनेश, तर शववाहिनी माग ना. बस कशाला?"

धनेश टेबलाला वळसा घालून गेला नाही, टेबलावरून गेला. त्याने शेठची कॉलर धरून कपाळावर डोकं हाणलं. खुर्चीसकट शेठ मागे कोसळले, उठले ते फुलदाणी घेऊन. ती धनेशच्या खांद्यावर फुटली, निशिगंध सगळ्या सभागृहाने हुंगला. कुणी कुणाचा गळा आवळला, कुणी कुणाला लाथ घातली, ग्लास भिंतीवर फुटू लागले. दौलत पेपरवेट वेचत होता, कैऱ्या वेचाव्या तसे. शेठनी धनेशसाठी फेकलेला शेवटचा पेपरवेट दौलतच्याच भुवईवर बसला.

तो टेबलाखाली गेला. डोळ्यात रक्त उतरलं. वर अध्यक्षसाहेब विचारत होते, कुणाला रक्त आलंय का, आलं असेल तर सभा तहकूब करतो. त्यांच्या आवाजात आशा होती. सभा तहकूब म्हणजे बसचा विषय पुन्हा कुठल्या तरी महिन्यात. दौलतला शांताचा पदर आठवला. त्याने फडकं कपाळाला करकचून बांधलं आणि चहाची किटली घेऊन तो उभा राहिला.

"कुणाला नाही साहेब," तो म्हणाला, "वड्याची चटणी सांडली."

फडक्यातून चटणी गालावर ओघळत होती. धनेशने पाहिलं आणि मान खाली घातली. हेमचंद्रशेठनी पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मत घेतलं तेव्हा तोच हात सर्वांत आधी वर गेला. तो कणवेने गेला की पोलिसांच्या भीतीने, हे दौलतने कधी विचारलं नाही. बस मंजूर झाली. त्यानंतरच त्याने किटली खाली ठेवली आणि हळूच आडवा झाला.

टाके शांताच्याच इस्पितळात पडले. आता दारात बस थांबते. दौलत बोर्डावर कुणी बसावं यावर चाळीत बोलत नाही. पुढल्या सभेच्या सकाळी त्याने पेपरवेट, ग्लास, पाट्या पहिल्यासारख्या कपाटात टाकल्या, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. फक्त कपबशांशेजारी कापूस आणि पट्टीची गुंडाळी मांडून ठेवली.