दहाची काच

मला एका काचेचा राग आहे. नवापूरपलीकडे रंगाचा एक लहानसा कारखाना आहे, तिथली ती काच. माझा नवरा तिथं फिटर म्हणून लागला, पण माणसं कमी, पडेल ते काम करावं लागतं. रंग ज्या टाकीत शिजतो तिला थाळीएवढी, जाड काच बसवलेली असते. आत काय चाललंय ते तिच्यातून बघायचं. किती दाब सोसेल तो आकडा तिच्या कडेला कोरलेला असतो. नवं लग्न असताना ते मला हेच समजावत बसायचे. मी म्हणायचे, बायकोशी बोलायला दुसरं काही सुचत नाही का हो तुम्हाला?

आता तेही ऐकायला जीव तरसतो. पंधरा दिवसांनी घरी येतात, अंगाचा शीण जायच्या आत परत निघतात.

गेल्या वर्षी कानबाईला येणार होते. श्रावणात एका रविवारी ही देवी घरी बसवतात. आमच्यात नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. त्यांची मूठ मी जरा मोठीच घेतली. सासूबाईंनी पाहिलं आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

शनिवारी सकाळी फोन आला. काचेवर ओरखडा सापडला होता. ती बदलल्याशिवाय सुट्टी नाही.

"दहानी काच पाहिजे, स्टोरमा सहानीच शे. नवी सोमवारले येई."

सोमवारी तर कानबाईचं विसर्जन!

"रोज दाब कितला जास?" मी विचारलं.

"पाच."

"मंग सहानी पुरस ना! माप एकच शे, लाई द्या तीच. कोन देखस?"

पाच माणसांना सहा भाकरी पुरतात, तसा माझा हिशेब. ते मानेनात. मी आणखीच चढले. तुमच्यापेक्षा कानबाई बरी, वर्षातनं एकदा का होईना, ठरल्या दिवशी येते! बोलता बोलता रडूच फुटलं. मला ते घरात हवे होते, बस. कारखाना गेला चुलीत.

"पाचना आठ कव्हय व्हतीन, सांगता येस नही," ते हळूच म्हणाले. "अन् त्या काचना म्होरे दिनभर मीच उभा ऱ्हास ना."

सहाची काच आठाला फुटली, तर ती त्यांच्याच तोंडावर.

"मंग नका येवू," म्हटलं. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना येऊ नका असं मी पहिल्यांदाच म्हटलं, आणि मग फोन ठेवणं दोघांनाही जमेना.