म्हातारी आणि मुकी

दाजीचा गुडघा कधी थांबत नसे. जेवायला बसला की ताटातली वाटी हलायची, बाकड्यावर बसला की शेजारच्याचा चहा सांडायचा. बायको म्हणायची, "अहो, इंजिन बंद करा आता. घर आलं." मग दाजी गुडघ्यावर हात दाबून धरायचा आणि थोड्या वेळाने हातासकट गुडघा हलायला लागायचा.

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. बायकोचा भाऊ त्याच्याच यार्डात ग्राइंडर चालवायचा. तो दिवसभर "दाजी, दाजी" करायचा, त्याचं ऐकून बाकीचे करायला लागले, आणि शेवटी मालकही. "अख्ख्या यार्डाने आपापल्या बहिणी याला दिल्यात," मेहुणा सांगत फिरायचा, "आणि मेहुणा म्हणून राबतोय मी एकटा."

यार्डात पाण्याचे पाइप जोडायचे. माणूस वाकून आत शिरेल एवढाले पाइप, टोकाला टोक लावून सांधायचे, आणि मग जिथे ते अंथरायचे त्या माळावर जाऊन उरलेले सांधे मारायचे. असल्या जागी विजेचा खांब नसतो, म्हणून वेल्डिंगचं मशीन आपलं इंजिन आपल्याबरोबर घेऊन येतं. दाजीचं मशीन जुनं होतं. दोन चाकांच्या गाड्यावर डिझेल इंजिन, त्याला जोडलेला तांब्याच्या तारांनी गच्च भरलेला जनरेटर, रंग कधीचा उडालेला, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून धुराड्यावर उलटा घातलेला पत्र्याचा डबा. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. ती सुरू झाली की पायाखालची जमीन थरथरायची. दाजीच्या गुडघ्यात जे काही होतं ते बहुधा तिथूनच वर चढलं होतं.

गेल्या काही वर्षांत त्याच्या उजव्या डोळ्यावर साय धरत गेली होती, आणि उजव्याचं पाहून डाव्यानेही तेच सुरू केलं होतं. काळ्या काचेमागून पूर्वी त्याला वितळलेल्या लोखंडाचं डबकं लख्ख दिसायचं, त्याची कड, त्याच्यावरून मागे सरकणारा मळ, सगळं. आता तिथे एक केशरी डाग उरला होता, ओल्या कागदावर फुटलेल्या शाईसारखा. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, कारण यार्डात सगळ्यात चांगला सांधा अजूनही त्याचाच असायचा.

तो सांधा तो कानाने मारायचा.

रॉडचं टोक आणि पाइप यांच्यात काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढं अंतर लागतं. ते वाढलं की आर्क, म्हणजे त्या फटीत पेटलेला विजेचा जाळ, भरकटतो, कमी झालं की रॉड चिकटून बसतो. म्हातारीला त्यातलं काहीच सोसायचं नाही, आणि ती ते मनातही ठेवायची नाही. आर्क लांबला की कण्हायची. रॉड चिकटला की घुसमटायची. आर्क तुटला की ओझं उतरल्यासारखी उसळायची. अंतर बरोबर असलं की मात्र एका सुरात घरघरत राहायची, आणि दाजीचा हात त्या सुराला धरून पुढे सरकायचा. एकदा कान ठणकत होता म्हणून त्याने कापूस घालून काम केलं. त्या दिवशी सांधा असा आला की त्याने स्वतःच ग्राइंडर मागून घेतला आणि तो खरवडून काढला. "काय दाजी, आज स्वतःचंच काम खाताय?" मेहुण्याने विचारलं. पुन्हा दाजीने कानात कापूस घातला नाही. ठणका सोसला.

मग नवीन मशीन आलं. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत, अशा बोलीवर विकणाऱ्याने ते सोडलं होतं. कपाटासारखं चारी बाजूंनी बंद, वर बटणं, एक छोटा पडदा, त्यावर आकडे. आतलं इंजिन एकसारखं गुणगुणायचं, शेजारी उभं राहून साध्या आवाजात बोलता यायचं. आणि थोडा वेळ आर्क लागला नाही की ते आपलं आपण हळू व्हायचं. रॉड टेकवला की पुन्हा जागं.

"अगदी आमच्या साडूसारखं," मेहुणा म्हणाला. "काम दिसलं नाही की झोपलं." मुकी हे नावही त्यानेच ठेवलं.

मालकाने दाजीला बोलावलं. "हे बघा, डिझेल किती पितं, आवाज किती करतं, ते माझं मी बघतो. आर्कचं तुम्ही सांगायचं. दोघींवर एकेक तुकडा मारा, कापून वाकवून बघू. मुकीचा आर्क सरस निघाला तर म्हातारी भंगारात. नाही निघाला तर ही उद्याच्या उद्या परत."

ऐकणाऱ्यांत डावरी होती. ती यार्डातली दुसरी वेल्डर. डाव्या हाताने मारायची म्हणून डावरी. म्हातारीचं आणि तिचं कधी जमलं नाही. सुरुवातीलाच रॉड चिकटायचा, आणि इंजिन तापून करंट बदलला की काम अर्ध्यावर टाकून मशीनवरचं करंटचं चाक फिरवायला धावावं लागायचं. त्यामुळे मालक तिला पाइपचे सांधे देत नसे. आधाराच्या पट्ट्या, कड्या, असलंच काहीबाही तिच्या वाट्याला यायचं. मुकी आल्यापासून ती तिच्याभोवती घिरट्या घालत होती.

"दाजी, मी एक मारून बघू?"

"आधी माझं होऊ दे," दाजी म्हणाला. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हातारीवरचा तुकडा नेहमीसारखा झाला. मग त्याने मुकीचा होल्डर हातात घेतला, हेल्मेट खाली पाडलं आणि रॉड टेकवला. आर्क असा अलगद लागला की दाजी दचकला. चिकटणं नाही, शिंतोडे नाहीत. हाताखाली काहीतरी मऊ आणि स्थिर जळत होतं. इतका शहाणा आर्क त्याने आयुष्यात धरला नव्हता, हे त्याला पहिल्या क्षणातच कळलं. आणि दुसऱ्या क्षणात त्याला काहीच कळेना. आर्क लांबला असेल, जवळ आला असेल. इंजिन आपलं तसंच गुणगुणत होतं. अंधारात जिना उतरताना हातातला कठडा अचानक संपावा, तसं झालं. केशरी डाग पुढे सरकत होता एवढंच. त्याच्यामागून तो हात नेत राहिला, घाम हेल्मेटच्या आत गळत राहिला.

तुकडे कापून प्रेसखाली वाकवले. म्हातारीचा तुकडा वाकला आणि गप राहिला. मुकीचा अर्ध्यावरच तडकला. आत मळ अडकलेला, काळा, दातात किडलेल्या जागेसारखा.

"तरी मला वाटलंच होतं," मालक म्हणाला. "नुसता चकचकाट." मेहुण्याने मुकीच्या चाकाला एक लाथ घातली. दाजीच्या हाताकडे कुणी पाहिलं नाही. दाजीचा हात चुकेल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला दारच नव्हतं. डावरीने तेवढा तो तडकलेला तुकडा उचलला आणि बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

"आर्क कसा होता, दाजी?"

"तुकडा दिसतोय ना तुला?"

"तुकडा दिसतोय. आर्क विचारला."

दाजी हातमोजे झटकत निघून गेला. मालकाने फोन लावला आणि सकाळी गाडी पाठवायला सांगितलं.

घरी तो बसेना. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत, पुन्हा खिडकी. म्हातारी वाचली होती. म्हणजे तोही वाचला होता. ती होती तोवर त्याच्या डोळ्यांचं कुणाला कळणार नव्हतं, सांधे त्याचेच राहणार होते. एवढं सगळं मनासारखं झाल्यावर माणूस आडवा पडून झोपतो. त्याला मात्र अंगावरून मुंग्या चालल्यासारखं होत होतं.

"तुमची म्हातारी राहिली ना?" बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती, तिथून म्हणाली. "माझी सवत घरात राहिली म्हणून येरझाऱ्या मी घालायच्या. तुम्ही का घालताय?"

"आर्क चांगला होता."

"कुणाचा?"

"नवीनचा."

"मग?"

दाजीने माठातून पेल्यात पाणी ओतायला घेतलं. पेला भरला, भरून वाहायला लागला, पाणी जमिनीवर आलं, तरी तो ओततच होता. बायको उठली, फडकं आणून तिने जमीन पुसली. पुसताना वर न बघता म्हणाली, "पूर्वी सुईत दोरा तुम्ही ओवून द्यायचात. आता कधीपासून देत नाही, विचारलं मी?"

"नाही."

"का विचारलं नाही?"

दाजीने पेला खाली ठेवला.

"सांगाल म्हणून," ती म्हणाली आणि फडकं पिळायला मोरीत गेली.

सकाळी तो लवकरच यार्डात पोहोचला. डावरी त्याच्याही आधी आली होती. मुकीपाशी उकिडवी बसून, हेल्मेट मांडीवर ठेवून ती पडद्यावरचे आकडे बघत होती. तो दिसल्यावर चोरी सापडल्यासारखी उठली.

"नुसतं बघत होते."

"बघून काय होतंय? मार," दाजी म्हणाला. "मी बसतो शेजारी."

तिने दोन पट्ट्या लावल्या, रॉड टेकवला. तिचा रॉड पहिल्यांदाच चिकटला नाही. दाजी हेल्मेट खाली करून तिच्या खांद्याशी बसला. काचेमागे तोच केशरी डाग. त्याने डोळे मिटून घेतले. इंजिनाच्या त्या एकसारख्या गुणगुणण्यावर आणखी एक आवाज होता, अगदी बारीक. तेलात काहीतरी तळत असावं तसा, भरगच्च. तिचा हात जरा वर गेला तेव्हा तो फाटला, वाऱ्यात कापड फडफडावं तसा झाला. हात खाली आला आणि तळणं पुन्हा सुरू. तो आर्कचा आवाज होता. इतकी वर्षं म्हातारीच्या घरघरीखाली दबून होता, आणि दाजीने तो कधी ऐकलाच नव्हता.

"लांबलं," तो म्हणाला.

तिने जवळ घेतलं.

"आता बरोबर. तस्सं ने."

रॉड संपला. मुकी आपसूक हळू झाली. डावरीने हेल्मेट वर केलं, शेजारी दाजीनेही केलं, तर त्याचे डोळे अजून मिटलेलेच. ती त्याच्याकडे बघत राहिली. नंतर काल तडकलेल्या तुकड्याकडे तिची नजर गेली.

मालक आणि मेहुणा आले तोवर तिचा तुकडा कापून, वाकवून झाला होता. मालकाने तो अंगठ्याने चाचपला. कुठे भेग नाही.

"म्हातारीवरचा?"

"मुकीवरचा," दाजी म्हणाला. "हिने मारलाय."

"मग काल काय झालं?"

फाटकाबाहेर गाडी येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दाजीचा गुडघा उभ्या उभ्या हलायला लागला.

"काल मशीन बरोबर होतं, मालक. मला दिसत नव्हतं. मला बरेच दिवस दिसत नाही."

"काहीतरी काय बोलता, दाजी!" मेहुणा ओरडला.

"तू गप रे. उन्हात आलास की दोन-दोन दिसतोस मला. एकच पुरे होता."

कुणी हसलं नाही. मेहुणाही नाही. दाजीने मालकाला एका दमात सांगून टाकलं, थांबलो तर राहून जाईल असं वाटल्यासारखं. "म्हातारीचा आर्क जोरकस आहे. खोल शिरतो, त्यात वाद नाही. पण तापली की बदलते, अर्धा जीव तिला सांभाळण्यात जातो. ही पहिल्या टेकवण्यातच लागते, शिंतोडे उडवत नाही, उभ्या सांध्यातसुद्धा लोखंड धरून ठेवते. ही सरस आहे. हिला ठेवा."

"आणि पाइप कोण मारणार?"

दाजीने डावरीकडे बोट केलं.

"आणि तुम्ही?"

रात्रभर फेऱ्या घालताना तो इथपर्यंतच आला होता. "डोळे दाखवून येतो," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू. ठेवायचं नसेल तर तसं सांगा."

मालकाने तो वाकलेला तुकडा पुन्हा एकदा हातात फिरवला. मग बोलला तो ड्रायव्हरशी. "हे कपाट न्यायचं नाही. ती पलीकडची गाड्यावरची उचल. भंगारवाल्याकडे सोड." आणि डावरीला म्हणाला, "पहिला सांधा मार. मी इथेच उभा आहे." दाजीला राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

म्हातारीला चौघांनी ढकलत नेलं. धुराड्यावरचा डबा फाटकाशी गळून पडला, मेहुण्याने तो उचलला आणि काय करावं न सुचून हातात धरून उभा राहिला. इकडे डावरी पाइपवर वाकली. आर्क लागला. दाजी पाइपभोवती फिरू लागला, या बाजूने त्या बाजूला, मान तिरकी करून, कान पुढे. रॉड संपला की मुकी हळू व्हायची, आणि दर वेळी दाजीला वाटायचं, ही बंदच पडली की काय. काम थांबलं की आपण हळू व्हायचं, ही युक्ती त्याच्यात कुणी बसवली नव्हती.

"दाजी, बसा की जरा," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"बसतो," दाजी म्हणाला आणि फिरतच राहिला. पलीकडे पोहोचल्यावर थांबला, मान आणखी तिरकी केली.

"लांबलं, बाई. जवळ घे."