नांद्रुकाला वड न म्हणणारा साळा

माझ्या साळ्याइतका झाडांना ओळखणारा आणि माणसांना विसरणारा इसम अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांनी त्याला बाहेरून कडी लावून ठेवलं असेल. सख्ख्या चुलतभावाच्या पोराच्या लग्नात यानं घोड्यावरून उतरलेल्या नवरदेवालाच विचारलं, "तू कोनाचा रे बाबू?" पण मांडवाच्या डांबाला हात लावून तिथल्या तिथं सांगितलं की हा साग नाही, ऐन आहे; साल पाहा, मगरीच्या पाठीवाणी भेगाळलेली. नवरदेव बिचारा तसाच उभा. त्याला कोणी ओळखलं नाही, डांबाला ओळखलं.

जन्मभर यानं हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या केल्या. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे माना टाकून झोपायचे आणि हा खिडकीशी बसून झाडं पाहायचा. तिथूनच हे वेड लागलं. त्यातही सरळ, शहाण्या झाडाशी याला काही घेणं नाही. वाकडं, कुबड आलेलं, पोट सुटलेलं, दुसऱ्याच्या अंगावर चढून बसलेलं असं काही दिसलं की भर रस्त्यात स्कूटर उभी. मागे मी बसलेला, माझ्या मागे हॉर्न. एकदा ताडाला चहूबाजूंनी गुंडाळून वाढलेला पिंपळ दिसला. पिंपळाच्या डोक्यातून ताडाचा झुपका निघालेला, जसा एखाद्या माणसाच्या टाळूतून दुसरा माणूस डोकावावा. ट्रॅफिकचा शिपाई शिटी वाजवत आला, तर यानं त्यालाच धरलं. "साहेब, झाड एक हाय का दोन?" शिपाई वर पाहत राहिला. "दोन," म्हणाला. "पास झाले तुम्ही," असं म्हणून यानं स्कूटरला किक मारली. चालान राहून गेलं.

मला झाडांच्या दोनच जाती ठाऊक होत्या, सावलीची आणि बिनसावलीची. यानं मला शिकवायचा चंगच बांधला. पानावरून झाड ओळखलं की याला राग यायचा. "पानावरून तं कोनीबी ओळखते, भाऊजी. कपडे पाहून मानूस ओळखल्यासारखं झालं ते. उन्हाळ्यात नागडं उभं असते तवा ओळखा." म्हणून भर एप्रिलमध्ये हा मला आणि बायकोला रामटेकच्या बाजूच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथं एक झाड, पान नाही की काही नाही, पांढरंफटक, हात वर करून उभं. बायको म्हणाली, "बापा, भूतच हाय हे!" यानं जाऊन त्याला मिठी मारली. "भूत नाही ताई, कुलू हाय. हात लावून पाह्य, साल कागदावानी निघते." दुसऱ्या खेपेला एका झाडाचा चीक जिभेला लावून पाहिला. संध्याकाळपर्यंत ओठ सुजून पुऱ्या झाल्या. डॉक्टरकडे नेलं तर तिथं बोट वर करून, तोंड उघडत नव्हतं तरी सांगून राहिला, "बिब्बाच निंगाला न? म्या म्हनलं होतं!" आग होत होती, पण चेहऱ्यावर असं समाधान की डॉक्टरनं मलाच विचारलं, आजारी कोण आहे.

अन् हाच माणूस बाजारात मेथी आणायला पाठवला तर शेपू आणायचा.

खोटं मात्र त्याला जमायचं नाही. दसऱ्याला लोक सोनं घेऊन यायचे, हा पान उलटं करून पाहायचा आणि परत द्यायचा. "हे कांचन हाय. आपट्याचं पान याच्याहून लहान अन् जाड असते, लांबीपेक्षा रुंदीच जास्त. तुमाले बाजारात ठगवलं." सणाच्या दिवशी कोण ऐकून घेईल? हळूहळू गल्लीनं त्याला सोनं देणंच सोडलं.

त्याच्या या स्वभावाचा फटका शेवटी माझ्या घराला बसला. आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत वळलं की मोडावर एक म्हातारं झाड आहे. खोड गुडघ्यात वाकल्यासारखं, मधोमध बकरी निघून जाईल एवढं भोक, आणि वरून दाढीवाणी लोंबणाऱ्या मुळ्या. साऱ्या मोहल्ल्याच्या बाया वटपौर्णिमेला त्याच वडाला सूत गुंडाळतात. माझी आई गुंडाळायची, तिच्यामागे माझी बायको. त्या वर्षी ऐन पूजेच्या वेळी आमचा साळा तिथं पोचला. पान तोडलं, चोळलं, आणि साऱ्या बायांदेखत बोलला, "हा वड नाही होय. नांद्रुक हाय. वडाचं पान हाताएवढं असते, त्याच्यावर जेवता येते. याच्या पानावर एक घास तरी ठिवून दाखवा. अन् या मुळ्या पाहा, नुसत्या लोंबून राहिल्या, जमिनीत कुठं उतरल्या?"

बाया थबकल्या. एकीच्या हातातून आंबा पडला. शेजारची म्हणाली, "म्हंजे इतके वर्स आमच्या नवऱ्यायले काही पोचलंच नाही?" दुसरी लगेच बोलली, "माह्यावाल्याले तं काही फरक पडला नाही वं बाई, तेच तं दुःख हाय!" साऱ्या हसल्या, पण माझी बायको हसली नाही. तिनं फेऱ्या पुऱ्या केल्या, घरी आली आणि भावाला दारातच अडवलं. "त्या झाडाले वड म्हनशील तवाच या उंबऱ्याच्या आत पाय ठिवजो."

"ताई, तू म्हन तं मी स्वताले गाढव म्हनतो. पन त्याले वड कसा म्हनू?"

"मंग बस बाहेर."

तो खरंच बाहेर बसला. रोज यायचा, ओट्यावर बसायचा, चहा खिडकीतून जायचा. भाऊबीजेला तो उंबऱ्याच्या बाहेर उभा, ती आत, आणि मध्ये ओवाळणीचं ताट. वाऱ्यानं निरांजन विझलं तर ती पुन्हा लावायची, पण त्याला आत ये म्हणायची नाही. दोघंही एकाच हट्टी बापाची लेकरं. मी मध्ये बोललो तर दोघं मिळून माझ्यावर यायचे.

संक्रांत झाली आणि तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर जे बोलला ते मी ओट्यावर येऊन साळ्याला सांगितलं. तो उठून स्कूटर घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो सरळ उंबरा ओलांडून आत. तिच्या खाटेशी बसला आणि खिशातून एक पान काढून तिच्या हातात दिलं. हाताएवढं, जाड, खरखरीत वडाचं पान.

"ताई, मोडावरच्या झाडाचं हाय. पार वरच्या फांदीवरचं. खालची पानं पाहून मी चुकलो. वडच हाय तो."

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. तिनं नजरेनंच मला अडवलं. तिनं पानावरून अंगठा फिरवला. "या वयात एवढ्या वर चढलास काहून बाबू? पडला असतास म्हंजे?" मग मला म्हणाली, "चहा ठेवा. आत आलाय तो."

तो गेल्यावर ती हसत होती, जेवढं हसता येत होतं तेवढं. "कन्हानच्या काठचं हाय हे पान. आमच्या गावच्या वडाचं. त्या वडाच्या पारंब्यायवर आमी दोघं झुललो, मले वड माहीत नाही काय? त्या मोडावरच्याले मी पयल्याच वर्षी ओळखलं होतं."

"मंग इतके दिवस भांडलीस कशाले?"

"चार बायायसमोर बोलला न तो. एखादीचा नवरा दुखण्यात असता तं तिनं काय करायचं होतं? अन् तुमच्या आईनं हात धरून दाखवलं ते झाड. मी नवी नवरी, त्यायले काय म्हनू, तुमचं चुकते?" मग म्हणाली, "त्याले सांगू नका. येवढं खोटं बोलाले त्याले लय जड गेलं असंल."

उन्हाळा सरायच्या आधी ती गेली. वड असो की नसो, तिनं जे मागितलं ते त्या झाडानं दिलं. तिनं माझ्यासाठी मागून घेतलेलं आयुष्य आता मी एकटा वापरून राहिलो. काय करायचं त्याचं, हे तिनं सांगितलं नाही.

यंदाच्या वटपौर्णिमेला साळा मला घरातून ओढून बाहेर घेऊन निघाला. मोडावर बायांची गर्दी होती. गल्लीत नवीनच आलेली एक सून ताट घेऊन उभी होती, तिनं यालाच विचारलं, "काका, हा वडच हाय न?"

तो थांबला. वर लोंबत्या मुळ्यांकडे पाहिलं, मग खाली. "वडच हाय पोरी. मार फेऱ्या."

आणि माझा हात धरून भरभर चालू लागला. चौक येईपर्यंत वाटेत कितीतरी झाडं गेली, वाकडी, सरळ, एकमेकांवर चढलेली. त्यानं एकाचंही नाव घेतलं नाही.