पुलावर मशीन दमायचं

मामाच्या गेम पार्लरमधलं विमानांच्या लढाईचं मशीन खरखरायला लागलं, म्हणून मी ते सुधारायला गेलो आणि माती खाल्ली.

ते मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठं. मूळ बोर्ड जळाला तेव्हा मी खोक्यात एक जुनाट कॉम्प्युटर बसवला आणि त्यात एम्युलेटर टाकला, म्हणजे जुन्या बोर्डाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. काठी तीच, बटणं तीच, काच तीच. आत सोंग वठवणारा नट तेवढा बदललेला. "गिऱ्हाइकाला कळलं तर तुला दाराबाहेर बसवीन," मामाने बजावलं होतं.

खरखरीचं कारण साधं निघालं. वीज वाचवायच्या नादात कॉम्प्युटर अर्ध्या वेगाने चालत होता. ते बंद केलं, आवाज स्वच्छ झाला. तेवढ्यावर हात झटकून उठायचं की नाही? पण एम्युलेटरमध्ये आणखी एक वेग दिसला. ज्या जुन्या प्रोसेसरची नक्कल चालली होती, त्याचा. शंभर टक्के होता, मी दोनशे केला. जास्त म्हणजे चांगलं, एवढंच माझं शिक्षण. गेम दुप्पट पळेल अशी धास्ती होती, पण पहिल्या दोन टप्प्यांत काही फरक दिसेना. तिसरा टप्पा मी बघितला नाही, कारण तिथवर मला जाताच येत नाही.

तिथवर जायचे मास्टर. समोरच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. कानावर खडू, जिभेला धार. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "माप खरं लिहू, की तुमच्या मनातलं?" मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पुढे बोटं हलायला लागली, पण कात्री भलतीकडे वळायची. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो मास्टरांनी मांजराला दिला आणि पार्लरमध्ये येऊन उभे राहिले.

"चेंडू दाबून काय कळणार? इथे बोट चुकलं की विमान पडतं. रोखठोक काम."

तिसऱ्या टप्प्यात एक पूल आहे. आजाराआधी मास्टर तो गप्पा मारत ओलांडायचे. आता त्यांनी स्वतःलाच अट घातली होती: पूल ओलांडला की दुकान पुन्हा पहिल्यासारखं चालू. ते हळूहळू पुलाच्या मध्यापर्यंत पोचले. त्या आनंदात माझी लांब झालेली पॅंट कामाला घेतली, उजवा पाय दुमडून शिवला आणि म्हणाले, "डावा पाय पूल ओलांडल्यावर."

त्यानंतर मी मशीन सुधारलं.

दुसऱ्या दिवशी मास्टरांचं विमान पुलाच्या तोंडाशीच पडलं. पुन्हा खेळले, पुन्हा पडलं. रोज तेच. एकदा त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटावर फटका मारला.

"अहो मास्टर, बटणं तुटतील!" मामा ओरडला.

"बटणांना कोण मारतंय? या मेल्याला मारतोय." मग माझ्याकडे वळले, "काय रे, मशीनला काही केलंस का?"

मामा माझ्याकडेच बघत होता. "छे! आवाज नीट केला फक्त," मी म्हणालो.

मास्टरांनी मान हलवली. त्यानंतर ते आलेच नाहीत. काकू आल्या, मास्टरांच्या घरच्या. दारातच उभ्या राहिल्या.

"तू तरी जाऊन बोल रे त्यांच्याशी. जेवताना पानात दोन बोटं फिरवतात आणि उठतात. हात उलटा चाललाय म्हणतात. शिलाई मशीन विकायला काढलंय."

मी धावत गेलो. दुकानात मशीनच्या जागी फरशीवर तेलाचा डाग होता.

"सकाळीच नेलं," मास्टर म्हणाले. "बस. खुर्ची आहे अजून."

"असं काय करता मास्टर? एका गेमवरून?"

"गेमवरून नाही रे. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी सगळं भराभर चाललंय असं वाटेल. तसंच झालंय. पूर्वी पुलावर विमानांची झुंबड उडाली की मशीनच दमायचं. सगळं संथ व्हायचं, त्यातून मी वाट काढायचो. आता ते दमत नाही. मीच दमतो."

जुन्या प्रोसेसरला गर्दी झेपायची नाही, म्हणून गेम तिथे मंदावायचा. मी त्याला दुप्पट ताकद दिली होती. इतरत्र काही बदललं नाही, पूल तेवढा निर्दय झाला.

"मास्टर, उठा. हात तुमचा नाही बिघडला. मी बिघडवलंय."

मी पुढे पळालो, मास्टर थोड्या वेळाने पार्लरमध्ये आले. मामासमोर सगळं ओकलो. बोर्ड, नक्कल, दोनशे टक्के. मामाचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"म्हणजे मशीनला तू तरुण केलंस," मास्टर म्हणाले, "आणि म्हातारा मी ठरलो."

मी वेग शंभरावर आणला. त्यांनी उजवा हात बटणांवर ठेवला. पुलावर गर्दी झाली, गेम जड झाला, गोळ्या तरंगल्यासारख्या येऊ लागल्या. मास्टरांचं विमान त्यांच्या फटींतून सरकत, अडखळत पलीकडे गेलं. मामाने टाळी वाजवायला हात उचलले, पण मास्टरांकडे बघून खाली घेतले. ते पडद्याकडे बघतच नव्हते. पुढच्या टप्प्यात विमान आपोआप पडलं.

"शिलाई मशीन परत आणू या," मी म्हणालो.

"नेणाऱ्याने पुढे विकायलाच नेलं. विचारलंय मी." इथे येण्याआधी ते विचारून आले होते, हे तेव्हा कळलं. "आणि हे बघ, आणखी एकदा 'छे' म्हणालास ना, तर कान शिवीन. त्याला मशीन लागत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुझा डावा पाय राहिलाय," जाताना म्हणाले. "हाताने शिवून देतो. वेळ लागेल."

तो पाय अजून राहिलाच आहे. काल मी दुकानावरून गेलो तेव्हा मास्टर माझी पॅंट मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवत होते. मी आत गेलो नाही. काम उरकून परत आलो, तरी ओवतच होते.