"हं, ढकला मला"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर करायच्या आणि म्हणायचं, "हं, ढकला मला." एवढं कानावर आलं की शेजारच्या वर्गात मी खडू खाली ठेवायचो. आमच्या वर्गांमध्ये लाकडी पार्टिशन होतं आणि त्यातली एक फळी निघालेली होती.

ते इंग्रजी शिकवायचे, मी भूगोल. नाशकातली साधी शाळा, आणीबाणी नुकतीच उठलेली. क्रियापद पाठ करायचं नसतं, करून बघायचं असतं, हा सरांचा हट्ट. लंगडणं, झोकांड्या खाणं, रांगणं, सगळं स्वतः करून दाखवायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस फरशीवर रांगतोय हे बघून तुम्हीही हसला असतात. पोरं हसायची, पण तो शब्द पुन्हा विसरायची नाहीत.

'शव्ह' या क्रियापदाचा धडा त्यांचा खास. आधी एका पोराला पाठीमागून बेतानं ढकलायला लावायचे. "हा पुश. बंद पडलेली एसटी आपण ढकलतो ना, तसा. आता मी तुझ्या वाटेत उभा आहे. मी कोण, मला लागेल का, काही बघू नकोस. दे धक्का!" पोरगं धसमुसळेपणानं अंगावर यायचं, सर दोन पावलं धडपडायचे आणि वळून म्हणायचे, "हा शव्ह. कळलं? आता वाक्यात उपयोग करा."

मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हीच पोरांना ढकला की."

"छे हो. शिकवताना मार शिकवणाऱ्यानं खायचा."

मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले. सेवाज्येष्ठतेनं सरांचाच नंबर होता. पण सर बौद्ध, आणि त्या खुर्चीत बौद्ध माणूस बसलेला आमच्या शाळा समितीला बघवणार नव्हता. हे कुणी बोलत नव्हतं, ठाऊक मात्र शिपायापासून सगळ्यांना होतं. सर आपले निश्चिंत. मला म्हणायचे, "नियम आहे ना सर, मग झालं."

त्याच वर्षी शव्हच्या धड्याला एका समिती सभासदाचा मुलगा पुढे आला. त्यानं सगळा जोर लावून धक्का दिला. सर फळ्यावर आदळले, मनगट मोडलं. मुलगाही तोल जाऊन बाकावर आपटला आणि त्याची भुवई फुटली. सरांनी एका हातानं आधी त्याच्या कपाळाला आपला रुमाल दाबून धरला. तो रडत होता. "रडू नको रे. बरोबर केलंस. जरा जास्तच बरोबर केलंस." हे सगळं मी फटीतून पाहिलं.

चार दिवसांत तक्रार आली, शिक्षकानं विद्यार्थ्याला ढकलून जखमी केलं म्हणून. पोरांना कुणी विचारलं नाही. मला विचारलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

"तुम्ही शेजारीच होतात. काही पाहिलंत का?" चौकशीला बसलेले समितीचे गृहस्थ अगदी गोड बोलत होते.

"मी फळ्याकडे तोंड करून होतो," मी म्हणालो.

सरांचं नाव मागं पडलं आणि त्यांना संस्थेच्या सुरगाण्याकडच्या शाळेत धाडलं. जूनमध्ये मी कायम झालो. लिहिताना लाज वाटते, पण मी पेढेसुद्धा वाटले.

त्यांना सोडायला स्टँडवर गेलेला मी एकटाच. त्यांचा हात अजून गळ्यात बांधलेला. मी त्यांची ट्रंक गाडीत चढवून दिली आणि पुटपुटलो, "सर, माझा नाइलाज होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तेवढी पार्टिशनची फळी ठोकून घ्या, सर. उगाच तुमचं लक्ष जातं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी चौकशीत माझं नाव घेतलं नव्हतं.

पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते तिकडेच वारल्याचं कळलं. नवे इंग्रजीचे सर 'शव्ह म्हणजे जोरात ढकलणे' एवढं फळ्यावर लिहून पुढं जायचे. ते मला पलीकडून नुसतं ऐकू यायचं. फळी मी त्याच आठवड्यात ठोकून घेतली होती.