हललेली फुलं

माझ्या आत्याने गिऱ्हाइकासाठी काढलेला पहिला फोटो एका प्रेताचा होता.

निदान त्या घरातले सगळे त्या बाईला प्रेतच समजत होते.

आत्या आज सकाळी गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती. खरं तर ती माझ्या वडिलांची आत्या, पण आमच्या घरात लहानमोठे सगळे तिला आत्याच म्हणायचे.

जालन्यात जुन्या घरांच्या भिंतींवर जे ब्लॅक अँड व्हाइट फोटो दिसतात ना, त्यातले कितीतरी तिने काढलेले. पण ती फोटोग्राफर कशी झाली, हे क्वचितच सांगायची.

आज मी सांगते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आत्या कोवळ्या वयात विधवा होऊन भावाकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, परत आल्ती. शेजारी उस्तादांचा फोटो स्टुडिओ. पडद्यातल्या बायकांचे फोटो उस्तादांची बायको काढायची. तिची नजर गेली, तेव्हा उस्ताद आजोबांकडे आले.

"तुमची बहीण हुशार आहे. शिकवतो तिला."

आजोबा हो म्हणाले. भावकी बोलली. बोलत राहिली.

मोठा लाकडी कॅमेरा. काळ्या कापडाखाली डोकं घातलं की मागच्या काचेवर माणसं उलटी दिसायची, डोकं खाली आणि पाय वर. आत्याला सुरुवातीला गरगरायचं.

लेन्सचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं. तेवढ्यात समोरचा हलला की चेहऱ्याचा नुसता धूर.

म्हणून उस्तादांनी एक सवय पक्की लावली. झाकण काढायच्या आधी म्हणायचं, "हलू नका."

मग एका दुपारी कुंडलिका नदीपलीकडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून माणूस आला. त्यांची सून गोदावरी तापाने गेली होती. वैद्यांनी नाडी बघून मान हलवली होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. परतूरहून तिचा भाऊ रेल्वेने येत होता, तोवर तिला ठेवलं होतं.

बायकांच्या खोलीत उस्तादांना जाता येईना. आत्या एकटी आत गेली.

अंधारी खोली. भिंतीला टेकून बसलेल्या बायका. मधे गोदावरी, आत्याच्याच वयाची. छातीवर झेंडूची माळ, पायाशी थोडी सुटी फुलं.

खोली अंधारी म्हणून झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं.

सवयीने आत्या म्हणाली, "हलू नका."

एक म्हातारी हुंदका देता देता थांबली. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं.

स्टुडिओत येऊन लाल दिव्याखाली आत्याने फोटोची काचेची प्लेट धुतली. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे, केस पांढरे. बायका एकदम स्पष्ट आल्या होत्या. त्यांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा.

पण गोदावरीच्या छातीवरची माळ पुसट होती.

"तुझा हात लागला असेल स्टँडला," उस्ताद म्हणाले.

"मंग पायाकडची फुलं का न्हाई हलली?"

उस्तादांनी प्लेट दिव्याजवळ धरली. आत्या सांगायची की तेव्हा त्या खोलीत तिला स्वतःचाच श्वास ऐकू येऊन राह्यला होता.

मग ते एवढंच म्हणाले, "जल्दी चल, बेटी."

दोघं पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. परतूरचा भाऊ भिंतीला डोकं लावून उभा. आत बायकांनी अंघोळीचं पाणी काढलेलं. उस्तादांनी दारातच खिशातून कॅमेऱ्याची लेन्स काढून आत्याच्या हातात दिली.

"नाक के नीचे पकड."

सासू आडवी आली. "पोरी, मेलेल्या माणसाची थट्टा करून राह्यलीस का?"

"बिलकुल न्हाई, काकू. एकदा बघू द्या. मंग मला काय म्हणायचं ते म्हणा."

आत्याने लेन्स धरली. काही नाही. काच स्वच्छ.

तिने लेन्स पदराला पुसली आणि पुन्हा धरली. तिला वाटलं, आपण चुकलो, आता इथून बाहेर कसं जायचं?

मग काचेवर मुगाएवढा धुरकट डाग आला. गेला. पुन्हा आला.

सासूने गोदावरीच्या छातीवरची माळ ओढून काढली.

गोदावरी जगली. चालायला लागल्यावर टांग्यातून सासूबरोबर स्टुडिओत आली. तिला ती प्लेट बघायची होती.

काच उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. रडणं, पाणी आणा म्हणलेलं, सगळं."

तिने काच आत्याच्या हातात परत दिली.

"तुम्ही म्हणल्या, हलू नका. मी तर जिवाच्या आकांतानं हलून राह्यले होते, बाई. कुणाला दिसतच नव्हतं."

घरात नंतर लोक गोदावरीच्या हातचं पाणी प्यायला भ्यायचे म्हणे. फक्त सासू तिच्या ताटाला ताट लावून जेवायची.

आत्याने त्यानंतर कुणालाही "हलू नका" म्हटलं नाही. कितीतरी फोटो बिघडले. तिची हरकत नव्हती.

निजामाचं राज्य गेलं त्याच सुमारास उस्ताद थकून हैदराबादला मुलीकडे निघाले. कॅमेरा आत्याच्या स्वाधीन करून गेले.

मयताच्या फोटोला दुसरे फोटोग्राफर टाळाटाळ करायचे. आत्या जायची. काळ्या कापडाखाली खूप वेळ थांबायची. लोकांना वाटायचं, म्हातारी फोकस करतेय.

एकदा मी विचारलं, "पुन्हा कधी दिसलं का गं तसं?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन त्या आधी किती गेले असतील, ते कुणी बघितलं?"

आज डॉक्टरांनी सगळं बराबर तपासलं. मशीनवरची रेघ सरळ होती. सर्टिफिकेट मिळालं.

तरी मी दुपारपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले, तिच्या छातीवर हात ठेवून. बाबा दोनदा दारात आले आणि मागे फिरले.

आता निघतोय आम्ही.

आत्या, माझी खात्री झाली गं. सावकाश जा.