नणंदेसाठी लिहिलेलं मृत्युपत्र

आमच्या घरात मी आणि माझी नणंद, दोघीच. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवऱ्यानं टाकली, तेव्हापासून बडनेऱ्याला आमच्याकडेच. पुढे माझा नवरा गेला, एकुलता एक मुलगा नोकरीसाठी अकोल्याला गेला, आणि आम्ही दोघी परसातला मोगरा खुडत, भांडत, मजेत राहिलो. भांडण बहुतेक चहात साखर किती, यावरून. मी फटकळ, ती घुमी.

घर नवऱ्यानं माझ्याच नावावर घेतलेलं. नणंदेनं बापाच्या शेतातला हिस्सा सासरी असतानाच सोडला होता. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ लुगडं नेसवतात आणि सगळे जेवून उठतात. त्या जेवणाचा शिरा मी केला होता. आज ते सांगायची लाज वाटते.

गेल्या दिवाळीत मुलगा आला. पोरगा वाईट नाही हो, अगदी सहज बोलून गेला, "आई, पुढं हे घर विकून टाकू. आत्या राहीन ना आमच्यापाशी अकोल्याले."

नणंद उठली. चिवड्याची वाटी उचलून आत गेली. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. साठीला टेकलेल्या बाईनं आता सुनेच्या मर्जीवर फ्लॅटचा कोपरा धरून बसायचं? पण त्यात बेकायदा काहीच नव्हतं. मी डोळे मिटले की घर मुलाचं, हिचं नाव कुठेच नाही. इतकी वर्षं 'घर तुझंच आहे' म्हणत आले, ते नुसतं तोंडानं.

आठवडाभरात मी मृत्युपत्र लिहिलं. माझ्यानंतर नणंद जिवंत आहे तोवर घर आणि मोगरा तिचा, तोवर कुणी विकायचं नाही, मग मुलाचं. साक्षीला आमच्या रिवाजाप्रमाणे गल्लीतले सगळ्यात वडीलधारे दोघं बोलावले. एक ब्याऐंशीचे, दुसऱ्यांना हाताला धरून आणावं लागलं. चहा-पोहे झाले, थरथरत्या सह्या झाल्या. मी खूश!

अमरावतीच्या वकीलबाईंनी कागद वाचला, साक्षीदारांची वयं विचारली आणि त्यांना हसू आवरेना.

"काकू, उद्या कोणी भांडलं तर कोर्टात सांगाले कोण येईन? हे तर तुमच्या आधी जातीन!"

माय वो! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तरणे साक्षीदार पाहिले. आमची फुलं घेणाऱ्या हारवाल्याची सून आणि गल्लीतल्या दवाखान्यातला डॉक्टर. दोघांच्या डोळ्यांदेखत नव्यानं सही केली, दोघांच्या सह्या घेतल्या. ब्याऐंशीचे आजोबा रुसले. "आमी काय उद्याच मरून राहिलो का?" म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मुलाला बोलावून मीच कागद वाचून दाखवला. त्याचं तोंड उतरलं. "माह्यावर भरवसा नाही का तुले?"

"तुह्यावर हाय रे. पण तिनं जलमभर दुसऱ्याच्या भरवशावरच राहावं का?"

त्यानं कागद माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग "बरं केलं" म्हणाला. लेकरू माझंच आहे, उमजलं त्याला.

संध्याकाळी कागद नणंदेच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला, नीट घडी घातली. आता ही रडणार, म्हणून मी पदर घेऊन तयार.

"वहिनी, एक इचारू?" ती म्हणाली. "माह्या खोलीत आरसा टांगाले एक खिळा ठोकू का?"

तीस वर्षं तिचा आरसा खिडकीत टेकवलेला असायचा. वाऱ्यानं दोनदा पडून फुटला. मी दर वेळी तिला गबाळी म्हणाले होते.

"अव, इचारतं काय! ठोक ना!" मी तिच्या अंगावर ओरडले, आणि मीच रडायला लागले.